ऋतुचक्राची रोजनिशी

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेले, दोघेही नोकरी करणारे, मूल हवे आहे पण ते घराचे हप्ते जरा हलके झाल्यावर किंवा पत्नीची परीक्षा पार पडल्यावर हवे आहे, असे जोडपे आज मुंबई-पुण्यात काय किंवा तालुक्याच्या गावी काय, घरोघरी आढळते. गोळ्या पत्नीला मानवत नाहीत, आणि एवढ्याशा मुदतीसाठी तांबी बसवून घ्यावी असे मनाला पटत नाही. अशा वेळी एखादी जाऊबाई किंवा कचेरीतील मैत्रीण ‘सुरक्षित दिवसां’चा हिशेब सांगते. पाळीनंतरचा आठवडा आणि पाळीआधीचा आठवडा मोकळा, मधले दिवस तेवढे टाळावेत, इतका तो साधा असतो. परंतु हाच हिशेब एकीला तीन वर्षे बिनचूक लागू पडतो, दुसरीला तिसऱ्याच महिन्यात दगा देतो, आणि मूल हवे म्हणून नेमका चौदावा दिवस धरून चालणारी तिसरी वर्षभर निराश होत राहते. नियम एकच असता फळ इतके भिन्न का यावे, या प्रश्नाचे उत्तर स्त्रीशरीराच्या एका फार सुंदर व्यवस्थेत दडलेले आहे, आणि ती व्यवस्था समजल्यावाचून या मार्गाने जाणे म्हणजे केवळ नशिबावर भरवसा ठेवणे होय.

महिन्यातील सहा दिवस

स्त्रीच्या बीजकोशातून साधारणपणे एका चक्रात एकदाच स्त्रीबीज सुटते. सुटलेल्या बीजाचे आयुष्य अत्यंत तोकडे, म्हणजे बारा ते चोवीस तासांचे असते. तेवढ्या अवधीत बीजवाहिनीत शुक्रजंतूशी त्याचा संयोग झाला तर गर्भ राहतो, नाही तर ते विरून जाते. एवढ्यावरच गोष्ट संपती तर महिन्यातून एकच दिवस टाळून भागले असते. परंतु पुरुषाचे शुक्रजंतू, त्यांना अनुकूल स्राव लाभल्यास, स्त्रीशरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत आणि कार्यक्षम राहू शकतात. म्हणून सोमवारी झालेल्या समागमाचा परिणाम शुक्रवारी सुटणाऱ्या बीजावर होणे पूर्णपणे शक्य असते, आणि ‘त्या दिवशी तर काहीच झाले नव्हते’ असे म्हणणाऱ्या जोडप्याचा गोंधळ येथेच उडालेला असतो.

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणेची इच्छा असलेल्या २२१ स्त्रियांच्या लघवीची रोज तपासणी करून या प्रश्नाचा छडा लावला आणि १९९५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस अशा सहा दिवसांतील समागमातूनच गर्भधारणा होते, असे त्यांना आढळले. सहांपैकी पहिल्या दिवशी ही शक्यता दहांत एक इतकीच होती, ती वाढत जाऊन बीज सुटण्याच्या दिवशी तीनांत एक झाली, आणि त्यानंतर ती एकाएकी संपली. अर्थात गर्भधारणेचा काळ बीजाच्या पाठीमागे पसरलेला नसून जवळजवळ सगळा त्याच्या पुढ्यात, म्हणजे ते सुटण्यापूर्वी असतो. टाळायचे ते सहा दिवस, हे तर ठरले. परंतु त्यांतील पाच दिवस ज्या घटनेच्या आधी येतात ती घटना अजून घडायची असते, तेव्हा ते ओळखायचे कसे, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

मोजणी कोठून करावी?

पाळीच्या पहिल्या दिवसापासून बीज सुटेपर्यंत एक भाग आणि बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत दुसरा, असे चक्राचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या आदेशाने बीजकोशातील एक पुटिका वाढू लागते आणि इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश वाहून नेणारे द्रव्य, तयार करते. इस्ट्रोजेन पुरेसे साठले की त्याच ग्रंथीतून एल. एच. नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाची लाट उसळते आणि तिच्यामागून एक-दीड दिवसात पुटिका फुटून बीज बाहेर पडते. रिकाम्या झालेल्या पुटिकेचा पिवळसर गोळा बनतो, त्याला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक स्रवतो आणि त्याच्या आधारावर गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत कोमेजतो, प्रोजेस्टेरॉन ओसरते, अस्तर सुटते आणि पाळी येते.

पीतपिंडाचे आयुर्मान बरेचसे ठरीव असते. पुटिका पिकायला लागणारा काळ मात्र मुळीच ठरीव नसतो. आजारपण, जागरणे, दूरचा प्रवास, मनावरील ताण, एकाएकी घटलेले वजन, यांपैकी कशानेही तो लांबतो. दोन स्त्रियांच्या चक्रांत, किंवा एकाच स्त्रीच्या दोन महिन्यांत जो फरक पडतो, तो बहुतेक सगळा या पहिल्या भागातला असतो. जपानातील नीगाता शहराचे स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वेळी बीजकोशांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून १९२४ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, बीज पुढील पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटते. ऑस्ट्रियाचे हर्मान क्नाउस हेही स्वतंत्रपणे जवळजवळ त्याच निष्कर्षाला येऊन पोहोचले. तोवर सारे जग मागच्या पाळीपासून पुढे मोजत होते. ओगिनोंनी येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायला शिकवले.

परंतु या शोधातच त्याची मर्यादाही सामावलेली आहे. गावच्या मुक्कामाच्या एस. टी.चे उदाहरण घ्या. ती आगारातून केव्हा सुटेल याचा नेम नसतो, मात्र शेवटचा घाट ओलांडल्यावर गावात यायला तिला ठराविक पाऊण तास लागतो. गाडी फाट्यावर येऊन थांबली की पाऊण तासापूर्वी ती घाटमाथ्यावर होती असे आपण छातीठोकपणे सांगू शकतो. पण फाट्यावर वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला ती आज घाटमाथ्यावर केव्हा पोहोचेल हे घड्याळाकडे पाहून सांगता येणार नाही. ओगिनोंचा नियम पाळी आल्यावर बीज केव्हा सुटले होते ते सांगतो, ते केव्हा सुटणार हे सांगत नाही. मूल हवे असणाऱ्यांना आपल्या शोधाचा उपयोग व्हावा अशी खुद्द ओगिनोंची इच्छा होती, आणि गर्भ टाळण्याचे साधन म्हणून तो वापरणे त्यांना भरवशाचे वाटत नव्हते, ही गोष्ट त्यांच्या नावाने हा उपाय सांगणाऱ्यांनी क्वचितच लक्षात घेतली आहे.

अठ्ठावीस दिवसांचे चक्र आणि चौदावा दिवस ही जोडी पाठ्यपुस्तकांमुळे आपल्या मनात इतकी रुजली आहे की तिच्याहून वेगळे काही असू शकते हेच पटत नाही. विल्कॉक्स यांनी २००० साली दाखवून दिले की, ज्यांचे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसतात अशा स्त्रिया केवळ तीस टक्क्यांच्या आसपास असतात. उरलेल्यांचे दिवस अलीकडे तरी सरकतात किंवा पलीकडे तरी.

> चौकट : तारखांचा हिशेब करायचाच असेल तर
> निदान सहा, आणि शक्य तर बारा चक्रांची लांबी लिहून ठेवावी. चक्राची लांबी म्हणजे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस. सर्वांत आखूड चक्रातून १८ वजा केले की धोक्याचा पहिला दिवस मिळतो. सर्वांत लांब चक्रातून ११ वजा केले की शेवटचा. आखूड चक्र २६ दिवसांचे आणि लांब चक्र ३१ दिवसांचे असेल तर २६ − १८ = ८ आणि ३१ − ११ = २०, म्हणजे आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंतचा काळ टाळावा लागेल. आखूड आणि लांब यांत जितके अंतर अधिक, तितका हा काळ लांबतो, आणि पुढचे चक्र मागच्या सर्वांहून आखूड निघाले तर हिशेब चुकतो.

वर्ध्याची भेट आणि रंगीत मणी

आपल्याकडे हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२३ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. कर्व्यांचा भर कृत्रिम साधनांवर होता. उलट टोकाला महात्मा गांधी होते. अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यास येऊन त्यांना भेटल्या, तेव्हा गांधीजींचा साधनांना असलेला विरोध तिळभरही ढळला नाही. मात्र सुरक्षित काळाचा उपाय त्यांना इतरांइतका आक्षेपार्ह वाटला नाही, कारण त्यात काही दिवस तरी संयम पाळावा लागतो.

गांधीजींच्या निकटवर्ती राजकुमारी अमृत कौर स्वतंत्र भारताच्या आरोग्यमंत्री झाल्या, आणि त्यांच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठवले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली, आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे सुरक्षित काळाचे प्रयोग सुरू झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांना दिवस मोजता यावेत म्हणून स्टोन यांनी रंगीत मण्यांची माळ योजली होती. रोज एक मणी सरकवायचा, मण्याचा रंग पाहून आजचा दिवस कसा ते ओळखायचे. कल्पना हुशारीची होती, परंतु प्रयोग फलदायी ठरला नाही. याचा दोष त्या स्त्रियांच्या अज्ञानावर ढकलण्याची रीत पडली आहे ती मला अन्यायाची वाटते. अनियमित चक्राला मण्यांची नियमित माळ लावली तर ती शिकलेल्या स्त्रीच्या हातातही तितकीच चुकते.

ही कल्पना पुढे अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाने सुधारून घेतली. ज्या स्त्रीची सर्व चक्रे २६ ते ३२ दिवसांची असतात तिनेच ती वापरायची, असे बंधन घालून त्यांनी आठवा ते एकोणिसावा हे दिवस सरसकट टाळण्याचा नियम केला आणि त्यासाठी ३२ मण्यांची माळ तयार केली; भारतात ती झारखंडसारख्या राज्यांत ‘मालाचक्र’ या नावाने पोहोचली. चाचणीत नियम काटेकोर पाळणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षभरात पाचांहून थोड्या कमी स्त्रियांना गर्भ राहिला, आणि सर्व वापरणाऱ्या धरल्या तर सुमारे बारांना. तुलनेसाठी सांगायचे तर, काहीच न वापरणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ८५ स्त्रियांना वर्षात गर्भ राहतो, निरोधाच्या नेहमीच्या वापरात सुमारे १३ आणि तांबीच्या बाबतीत एकाहून कमी.

शरीर आधी काय सांगते

तारखांच्या पलीकडे जायचे असेल तर शरीराचीच साक्ष काढली पाहिजे, आणि शरीर ती बीज सुटण्यापूर्वी देते, हा या शास्त्रातील सर्वांत मोलाचा शोध होय. मेलबर्नचे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून या प्रश्नात लक्ष घातले. पुढे त्यांच्या डॉक्टर पत्नी एव्हलिन यांनी असंख्य स्त्रियांशी बोलून त्याला पूर्णत्व आणले. गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या ग्रंथी चक्रभर एकसारखा स्राव करीत नाहीत. पाळी संपल्यावर काही दिवस योनिमार्गाशी कोरडेपणा जाणवतो. या काळात गर्भाशयमुख घट्ट चिकट द्रव्याने बंद असते आणि शुक्रजंतू योनीतील आम्लात काही तासांतच मरतात. पुटिका वाढून इस्ट्रोजेन चढू लागले की प्रथम चिकट, दाट, पांढरट स्राव दिसतो. मग तो पातळ होत जाऊन पारदर्शक, निसरडा आणि दोन बोटांमध्ये धरला असता तार न तुटता ताणला जाणारा होतो. या स्रावात शुक्रजंतूंना पोषणही मिळते आणि गर्भाशयाकडे जाण्याची वाटही. त्यांचे पाच दिवसांचे आयुष्य म्हणतात ते केवळ या स्रावाच्या कृपेने.

अशा निसरड्या स्रावाचा अखेरचा दिवस हा शिखरदिन. बीज बहुधा त्याच्या आगेमागे सुटते. शिखरदिन तो उलटून गेल्यावरच ओळखता येतो, कारण दुसऱ्या दिवशी स्राव एकाएकी दाट किंवा नाहीसा झालेला दिसल्यावाचून कालचा दिवस शेवटचा होता हे कळण्यास मार्ग नसतो. यामुळे व्यवहारात नियम असा की, कोरडेपणा संपून कसलाही स्राव दिसू लागला की संयमाचा काळ सुरू झाला असे समजावे आणि शिखरदिनानंतर पूर्ण तीन दिवस जाईपर्यंत तो संपला असे मानू नये. निरीक्षण दिवसातून अनेकदा, शौचास किंवा लघवीस जाताना सहज पुसून करावे, आणि रात्री त्या दिवसाचा सर्वांत ओलसर अनुभव वहीत नोंदवावा. समागमानंतर किंवा योनिमार्गातील जंतुसंसर्गात स्रावाचे स्वरूप बदलते, म्हणून असा दिवस संशयित म्हणूनच नोंदणे श्रेयस्कर. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखा स्राव असेल तर तो चक्राचा भाग नसून आजार होय, आणि तो डॉक्टरांना दाखवला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची चाचणी पाच देशांत घेतली, त्यांत ऑकलंड, डब्लिन, मनिला आणि एल साल्वादोरमधील एका केंद्राबरोबर आपले बंगळूरही होते. निरनिराळ्या धर्मांच्या आणि शिक्षणाच्या स्त्रियांपैकी ९३ टक्क्यांना पहिल्याच चक्रात आपल्या स्रावातील बदल ओळखता आला. स्त्रीला स्वतःच्या शरीराचे वाचन करण्यास शाळेच्या दाखल्याची जरूर नसते, याचा याहून उत्तम पुरावा कोणता? परंतु त्याच चाचणीत वर्षभरात सुमारे पाचांत एका स्त्रीला गर्भही राहिला, आणि त्यातील मोठा भाग ओलसर दिवस ओळखता न आल्यामुळे नव्हे, तर तो ओळखूनही न टाळल्यामुळे राहिला. पद्धतीची ताकद आणि माणसाचा स्वभाव या दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

अर्ध्या अंशाची साक्ष

पीतपिंडातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन शरीराची उष्णता किंचित वाढवते. ही वाढ ०.२ ते ०.५ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्या घरगुती फॅरनहाइट तापमापकावर ०.४ ते ०.९ अंश एवढीच असते, आणि पाळी येईपर्यंत ती टिकून राहते. दिवसभराच्या हालचालीत इतका सूक्ष्म फरक बुडून जातो, म्हणून तापमान सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठण्याआधी, बोलण्या-चहा घेण्याआधी, निदान तीन तासांच्या सलग झोपेनंतर आणि शक्यतो रोज एकाच वेळी घ्यावे लागते. दशांशाची दोन स्थाने दाखवणारा तापमापक यासाठी उत्तम. ज्या घरी पहाटे चारला नळाला पाणी येते आणि सुनेलाच उठावे लागते, किंवा जी परिचारिका आठवड्यातून तीन रात्री कामावर असते, तिच्या बाबतीत ही अट पाळणे किती कठीण आहे हे शहरी पुस्तके लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. ताप, रात्रीचे जागरण, उशिरा उठणे, मद्यपान, यांनी बिघडलेला आकडा वहीत लिहावा, पण त्यावर कंस करून तो हिशेबातून बाद करावा.

आकड्यांचा आलेख काढला की चक्राचे दोन थर स्पष्ट दिसतात, आधी खालचा आणि मग वरचा. लागोपाठ तीन दिवसांचे तापमान आधीच्या सहा दिवसांपैकी प्रत्येकाहून अधिक असेल, आणि त्या तिघांतील तिसरे निदान ०.२ अंश सेल्सियसने अधिक असेल, तर बीज सुटून गेले असे धरता येते. तापमान घटना घडून गेल्यावरच बोलते, आधी काहीच सांगत नाही. स्राव आधी बोलतो, पण बीज खरोखर सुटले याची खातरजमा करीत नाही. ताणामुळे पुटिका अर्ध्यावर थांबली तर स्राव निसरडा होऊन पुन्हा दाट होतो आणि दोन आठवड्यांनी तोच क्रम नव्याने सुरू होतो. केवळ स्रावावर विसंबणारी स्त्री येथे फसते आणि तापमान तिला वाचवते.

म्हणून दोन्ही साक्षी एकत्र घ्याव्यात हे ओघानेच आले. स्राव दिसताच काळ सुरू. वरच्या तापमानाचा तिसरा दिवस आणि शिखरदिनानंतरचा तिसरा दिवस यांतील जो नंतरचा, त्याच्या संध्याकाळी तो संपला. पाळीनंतरच्या कोरड्या दिवसांवर नवशिक्या जोडप्याने पहिली काही चक्रे मुळीच विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तापमान चढल्यानंतरचे दिवस तेवढे मोकळे धरावेत. जर्मनीत अशा संयुक्त पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या ९०० स्त्रियांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, वर्षभरात शंभरी १.८ अनपेक्षित गर्भधारणा झाल्या, आणि ज्यांनी टाळायच्या दिवसांत पूर्ण संयम पाळला त्यांच्यात ०.४. हा आकडा वाचून हुरळून जाण्यापूर्वी त्या स्त्रिया प्रशिक्षित होत्या हे ध्यानात ठेवावे. संयमाच्या दिवसांत निरोध वापरणारे जोडपे त्या दिवसांपुरते निरोधाच्या भरवशावर असते, आणि निरोध नेमका त्याच दिवशी फाटला तर वहीतील सारे आकडे व्यर्थ जातात.

दुकानातील साधने

लघवीत बुडवून एल. एच. ओळखणाऱ्या पट्ट्या औषधांच्या दुकानात सहज मिळतात. त्या बीज सुटण्याच्या एक-दीड दिवस आधी इशारा देतात; मूल हवे असणाऱ्यांना तो पुरेसा, पण टाळणाऱ्यांना उशिराचा, कारण शुक्रजंतू त्याच्या कितीतरी आधीपासून वाट पाहत बसलेले असू शकतात. मोबाइलवरील अ‍ॅपांची गोष्ट निराळी. त्यांपैकी बहुतेक मागील पाळ्यांची सरासरी काढून पुढच्या तारखा रंगवून दाखवतात, म्हणजे ओगिनोपूर्व काळातील चूक ती नव्या काचेवर करतात. रोजचे तापमान मागणाऱ्या ‘नॅचरल सायकल्स’ या अ‍ॅपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये गर्भनिरोधाचे साधन म्हणून परवानगी दिली. त्यातही नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरी ६.५ जणींना गर्भ राहतो असे त्या परवानगीच्या वेळी नमूद केलेले आहे.

या वाटेने कोणी जाऊ नये?

ज्या जोडप्याला गर्भ थोडा लवकर राहिला तरी चालण्यासारखे आहे, त्याच्यासाठी हा मार्ग आहे, आणि मूल होण्याआधीच्या वर्ष-दोन वर्षांच्या मुदतीत तो शोभतो तो याचमुळे. जिला हृदयविकार आहे, जिची सिझेरियन शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, किंवा जी अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन यांसारखी गर्भाला अपायकारक औषधे घेत आहे, तिने वहीवर जीव टांगू नये. अधिक खात्रीचे साधन डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. बीजकोशाच्या पी. सी. ओ. एस. या विकारात आणि थायरॉइडच्या बिघाडात चक्रे वाटेल तशी लांबतात. गोळ्या बंद केल्यावर पहिली काही चक्रे आपली खरी चाल दाखवीत नाहीत, आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर तर बीज पुन्हा सुटू लागायला कित्येक महिने लागू शकतात. तातडीची गोळी घेतल्यास त्या चक्राची नोंद बाद समजावी. गुप्तरोगांपासून या पद्धतीने काडीचेही संरक्षण होत नाही.

आणखी एक अट आहे, तिचा उल्लेख पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो. पतीची संमती येथे नुसती तोंडी असून चालत नाही. ‘आज नको’ हा शब्द ज्या घरात भांडणाचे किंवा मारहाणीचे निमित्त होतो, त्या घरातील स्त्रीला तापमापक देणे म्हणजे जबाबदारी तिची आणि निर्णय दुसऱ्याचा अशी वाटणी करणे होय. याउलट ज्या घरी पती सकाळचा आकडा स्वतः वहीत लिहितो, तेथे ही पद्धत टिकते. गर्भ टाळण्याचा सारा भार एकट्या स्त्रीच्या शरीरावर टाकण्याची आपली जुनी सवय मोडण्याची थोडीफार शक्यता मला याच एका साधनात दिसते.

तीच वही, उलट हेतूने

मूल हवे असा निर्णय झाला की वही तीच राहते, फक्त टाळायचे दिवस साधायचे होतात. निसरड्या स्रावाच्या दिवसांत एक दिवसाआड जवळीक ठेवणे पुरते. तापमान चढण्याची वाट पाहत बसणाऱ्यांची वेळ निघून गेलेली असते. मुलगा व्हावा म्हणून सम रात्री निवडाव्यात, असा जो समज मनुस्मृतीच्या काळापासून चालत आला आहे, त्याला आधार नाही. विल्कॉक्स यांच्या १९९५ च्या अभ्यासात समागमाच्या वेळेचा बाळाच्या लिंगाशी संबंध आढळला नाही. ज्या राज्यात मुलींची संख्या घटल्याची चिंता वाहावी लागते, तेथे हे निक्षून सांगणे अवश्य आहे.

वाट पाहण्याच्या मुदतीचा सदुपयोग करून घ्यावा. गर्भ राहण्यापूर्वी निदान महिनाभर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषांचा धोका पुष्कळ कमी होतो, आणि पाळी चुकल्यावर ते सुरू केले तर बराचसा उशीर झालेला असतो, कारण त्या अवयवांची घडण पहिल्या चार आठवड्यांतच पार पडते. रुबेलाची लस घ्यायची राहिली असेल तर ती घेऊन महिनाभर थांबावे लागते. दोघांची थॅलसेमियाची तपासणी व्हावी; विदर्भ किंवा नंदुरबारकडील कुटुंबांत सिकलसेलचीही. मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणावी.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपलीकडे असून सहा महिन्यांत राहिला नाही, तर वही घेऊन तज्ज्ञाकडे जावे. तापमानाचा वरचा थर कधीच दिसत नाही, किंवा तो दहा दिवसही टिकत नाही, हे जे आलेखात एका नजरेत कळते, ते तोंडी इतिहासातून कळायला महिने जातात. याउलट वरचा थर अठरा दिवसांहून अधिक टिकला तर तो बहुधा शुभवर्तमानच असतो, आणि अशा वेळी लघवीची तपासणी करून घ्यावी.

पुढे प्रसूतीची तारीख काढतानाही वहीचा उपयोग होतो. दवाखान्यात ही तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ठरवतात, आणि त्या हिशेबात बीज चौदाव्या दिवशी सुटले असे गृहीत धरलेले असते. जिचे चक्र पस्तीस दिवसांचे, तिचे बीज सुमारे एकविसाव्या दिवशी सुटलेले असते. म्हणून कागदावर तिचे दिवस भरून गेले असे दिसते तेव्हा पोटातले बाळ अजून आठवडाभर लहान असते, आणि लवकर केलेल्या सोनोग्राफीचा अहवाल हाती नसल्यास कळा आणण्याचा निर्णय अकारण घेतला जाण्याचा संभव असतो. पहिल्याच भेटीत वहीतील तापमान चढल्याची तारीख डॉक्टरांना दाखवून तिची नोंद केसपेपरवर करून घ्यावी.